गिरणीत वाचलेलं कार्ड

कर्ज मागायला आलेल्या माणसाचा चेहरा मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच पाहिला. कारण साधं होतं. आमच्या पतपेढीची खिडकी ज्या गवंड्यानं बसवली, त्यानं बसणाऱ्याचं माप घेतलं, उभं राहणाऱ्याचा विचारच केला नाही. मी खुर्चीत बसलो की समोर दिसे तो कामगाराचा खाकी शर्ट, दुसऱ्या बटणापासून पट्ट्यापर्यंत. त्यामुळे माणसं मी खिशांवरून ओळखू लागलो. टर्नरच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी. वेल्डरचा खिसा ठिणग्यांनी चाळणी झालेला. स्टोअरमधल्या माणसाच्या खिशाला दोन पेनं, आणि दोन्हींत शाई नाही. रस्त्यात कुणी "नमस्कार भाऊसाहेब" म्हणालं की माझी नजर आधी त्याच्या खिशाकडे जाई आणि मग मला नाव आठवे. माझ्या बायकोला वाटायचं, मी लोकांचे पैसे मोजतो.

कंपनीत इतकी वर्षं काढली म्हटलं की लोक विचारतात, "कुठल्या मशीनवर होता?" मी कुठल्याच मशीनवर नव्हतो. भोसरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी उभी राहिली, तिच्या कामगारांनी आपापसांत वर्गणी काढून एक सहकारी पतपेढी काढली, आणि तिचे हिशेब लिहायला म्हणून मला नेमलं. कँटीनच्या पाठीमागे पत्र्याच्या छपराची एक खोली. भिंतीपलीकडे दिवसभर भांडी वाजत, त्यामुळे आज आमटी आहे की उसळ, हे मला सर्वांत आधी कळे. मी तळेगाव दाभाड्याहून लोकलनं कासारवाडीला यायचो आणि तिथं ठेवलेल्या सायकलवर टांग मारून भोसरी गाठायचो.

पतपेढी कशी चालते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक सभासद दर महिन्याला थोडे पैसे साठवतो. साठलेल्या पैशांतून गरजवंताला कर्ज मिळतं. त्याचा हप्ता त्याच्या पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे वसुलीला दारोदार हिंडावं लागत नाही. कर्जाला दोन जामीनदार लागतात, तेही कंपनीतलेच. कर्जदाराचे हप्ते थकले तर ते जामीनदाराच्या पगारातून कापायचे. सोनंनाणं तारण नाही, घरदार तारण नाही. तारण काय, तर शेजारच्या मशीनवरचा मित्र.

कर्जाच्या अर्जात एक रकाना असे, "कर्जाचे कारण". हा रकाना म्हणजे आमच्या कामातली करमणूक होती. एकानं एकाच मुलीच्या लग्नासाठी तीनदा कर्ज मागितलं. विचारलं तर म्हणाला, "भाऊसाहेब, दोनदा मोडलं, पण खर्च तर झालाच की!" दुसऱ्यानं लिहिलं, "घरदुरुस्ती", आणि राहत होता भाड्याच्या खोलीत. तिसऱ्यानं नुसतं लिहिलं, "घरगुती, विचारू नये." त्याला आम्ही विचारलं नाही आणि कर्ज दिलं. त्यानं ते वेळेवर फेडलं, हेही सांगायला हवं.

एकजण तर कर्ज फिटल्यावर रडवेला होऊन आला. "भाऊसाहेब, हप्ता थांबवू नका राव."

"अहो, फिटलं तुमचं. आता कशाचा हप्ता?"

"तेच तर! पुढच्या महिन्यापासून पगार पंचवीस रुपयांनी जास्त हातात येणार. बायको विचारील, इतके दिवस हे पंचवीस कुठं जात होते?" मूळ कर्ज त्यानं बायकोला न सांगता काढलं होतं. मी त्याची ती रक्कम दरमहा ठेवीत टाकू लागलो. पुढे त्या ठेवीतून त्यानं बायकोला शिवणयंत्र घेऊन दिलं आणि मोठा धोरणी नवरा ठरला.

अशा गमती पुष्कळ. पण ह्या अंकाच्या संपादकांनी "एखादी आठवण" मागितली तेव्हा मला आठवली ती माझीच एक चूक. ती मी आजवर लिहून काढली नव्हती.

सोपान गवारे हा आमच्या मशीनशॉपमधला टर्नर, राहणारा मोशीचा. त्या काळी मोशी म्हणजे इंद्रायणीकाठचं शेतकरी गाव. घरची जमीन भावाभावांत वाटली जाऊन वाट्याला इतकी थोडी आलेली, की सोपाननं सायकल घेतली आणि कंपनीचा रस्ता धरला. माणूस अबोल, हात सफाईचा. त्यानं पक्क्या विटांच्या दोन खोल्या बांधायला बाराशे रुपये कर्ज घेतलं, चाळीस रुपये हप्त्यानं. जामीनदार दोघं. त्यातला एक पुढे नोकरी सोडून गेला. राहिला तो यशवंत ओव्हाळ, पिंपरीत राहणारा वेल्डर. हे दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच बाकावर डबा खाणारे. सोपानच्या डब्यातल्या ठेचा-भाकरीचं अर्धं यशवंतचं आणि यशवंतच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीचं अर्धं सोपानचं, ही वाटणी ठरलेली होती.

अकरा हप्ते घड्याळासारखे गेले. बाराव्या महिन्यात नाशिक रस्त्यावर एका ट्रकनं सोपानच्या सायकलला धक्का दिला. पाय मोडला, तीन महिने प्लॅस्टर. त्या काळात ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे मिळत, पण ते निम्मे, आणि ते कंपनीच्या पगारपत्रकातून येत नसत. म्हणजे हप्ता कापायला जागाच नाही. तो लंगडत कामावर आला आणि त्याच महिन्यात वीजकपात सुरू झाली. एक आठवडा काम, एक आठवडा घरी. अर्ध्या पगारातून फंड, कँटीन वगैरे कापून झालं की आमच्या हप्त्यासमोर पगार खात्याचा शेरा येई, "रक्कम अपुरी". असे सात हप्ते थकले.

कामावर परतल्यावर सुरुवातीला सहा इंची पट्टीचा तो खिसा दर महिन्याला खिडकीशी यायचा. "भाऊसाहेब, ह्या महिन्यालाबी न्हाई जमलं." मी म्हणायचो, "बघा लवकर." पुढे तो खिसा येईनासा झाला. कँटीनच्या वाटेवर माझी खोली लागते म्हणून सोपान डबा मशीनपाशीच खाऊ लागला. थकबाकीदार माणूस पैसे चुकवण्याआधी नजर चुकवतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्याचा अर्थ मी उलटा लावला. मला वाटलं, माणूस बिघडला.

नियमाप्रमाणे थकबाकीची नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवायची होती. नियमात हेही होतं की ती बंद पाकिटात, रजिस्टर पोस्टानं पाठवावी. इथं माझा शहाणपणा आडवा आला. आदल्या वर्षी मी टपालखर्चात काटकसर करून दाखवली होती. पाकिटाऐवजी पोस्टकार्डं वापरली, आणि वार्षिक सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. टाळ्या वाईट. एकदा कानावर पडल्या की माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो.

तेव्हा मी कार्ड घेतलं. माझं अक्षर मोठं सुरेख होतं, शाळेत बक्षीस मिळवलेलं. टपोऱ्या, गोल, सुवाच्य अक्षरांत मी लिहिलं: "आपण घेतलेल्या कर्जाचे सात हप्ते थकले असून, पंधरा दिवसांत भरणा न केल्यास आपल्या जामीनदाराच्या पगारातून वसुली करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." खाली सही, शिक्का. पत्ता, मुक्काम मोशी, तालुका हवेली. टाकून दिलं आणि विसरलो.

आठवड्याभरानं, शनिवारी दुपारी, चाळणी झालेला खिसा खिडकीशी आला. यशवंत ओव्हाळ. एरवी हसत बोलणारा माणूस, पण आवाज चढलेला होता.

"भाऊसाहेब, माझ्या पगारातनं कापायचं तर कापा. मी सही केलीय, नाही म्हणत नाही. पण कार्ड का टाकलं?"

"नोटीस द्यावी लागते, यशवंतराव."

"नोटीस द्या ना. पण ती उघडी? तुम्हाला मोशीची टपालाची पद्धत माहितीये का?"

मला माहीत नव्हती. त्यानं सांगितली. पोस्टमन सगळं टपाल घरोघर न देता बबनच्या पिठाच्या गिरणीत ठेवून जायचा. दळण घेऊन आलेली माणसं आपापलं टपाल नेत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना बबन वाचून दाखवी. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र आलं की बबन गिरणी बंद करी. गिरणी थांबली की काहीतरी वाचायचं आहे, हे अख्ख्या आळीला कळे. सोपानच्या नावाचं कार्ड आलं तेव्हा त्याची बायको हौसाबाई दळणाचा डबा घेऊन तिथंच उभी होती. बबनला वाटलं, कंपनीचं कार्ड म्हणजे बोनसची बातमी. त्यानं मोठ्या हौसेनं गिरणी बंद केली आणि खड्या आवाजात माझं टपोरं अक्षर आठ-दहा बायांसमोर वाचलं.

"पुढचं ऐका," यशवंत म्हणाला. "गावातली भिशी सोपानकडं होती. बारा घरं, घरटी दहा रुपये. दर महिन्याला चिठ्ठी निघेपर्यंत पैसे सोपानच्या घरी. पाच वर्षं. परवा चार जण येऊन भिशीचा डबा घेऊन गेले. कोणी वाईट बोललं नाही. नुसता डबा उचलला."

मी समोरची खतावणी मिटली.

"आणि आता तो सोमवारी राजीनामा देतोय."

"राजीनामा? कशाला?"

"फंड काढायला. फंडाचे पैसे घेतो, तुमचं कर्ज एका दमात तोंडावर मारतो म्हणतोय. माझं ऐकेना. तुमचं ऐकेल का, माहीत नाही. पण कार्ड तुम्ही टाकलंय."

बाहेरच्या वाचकाला हे खुळं वाटेल, पण त्या काळात आमच्या पट्ट्यात ही चूक कितीतरी जणांनी केली. प्रॉव्हिडंट फंड एरवी हातात येत नाही, नोकरी सोडली की येतो. म्हणून चारशे-पाचशे रुपयांच्या कर्जासाठी माणसं कायमची नोकरी सोडत. वाटे, कर्ज फेडू आणि शेजारच्या कंपनीत लागू. शेजारच्या कंपनीच्या फाटकावर मात्र आधीच पन्नास जण उभे असत.

रविवारी मी कासारवाडीला उतरलो, सायकल काढली. यशवंत नाशिक फाट्यावर थांबला होता. आम्ही मोशीचा रस्ता धरला. एकदाच तो म्हणाला, "हौसावहिनी बोलतील. ऐकून घ्या." मी मान हलवली.

सोपानच्या त्या दोन खोल्या उभ्या होत्या, पण गिलावा नव्हता. विटा तशाच दिसत होत्या. सोपान बाजेवर बसला होता. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. खिशावरून वाटलं होतं त्यापेक्षा माणूस तरुण होता. त्यानं "या" म्हटलं आणि जमिनीकडे पाहत राहिला. बोलल्या त्या हौसाबाई.

"तुमीच का ते कार्डवालं भाऊसाहेब?"

"हो."

"अक्षर लई चांगलं हाय तुमचं. बबन्या कुटंबी अडकला न्हाई."

आयुष्यात माझ्या अक्षराची इतकी झोंबणारी स्तुती कुणी केली नाही. मी म्हणालो, "वहिनी, चूक झाली. पाकिटात पाठवायला हवं होतं. माफी मागायला आलोय."

"माफीचं काय घिऊन बसलासा," त्या म्हणाल्या. मग कोनाड्याकडे बोट केलं. तो रिकामा होता, पण मधोमध धूळ नसलेला एक चौकोन होता. "तिथं बिस्किटाचा डबा व्हता भिशीचा. ह्यांचा पाय पलास्टरात व्हता तवा आमी दोन येळा नुसतं कालवण-पाणी करून दिस काढलं. डब्यात तवा सत्तर-ऐंशी रुपयं व्हतं. ह्या मानसानं झाकनाला हात लावला न्हाई, मलाबी लावू दिला न्हाई. दुसऱ्याचं हाय म्हनला. आन त्यो डबा तुमच्या कार्डानं गेला."

त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस बिघडलाय, असं मी खुर्चीत बसून ठरवलं होतं. कर्जाच्या अर्जावर शेकडो कारणं वाचणाऱ्या मला समोरच्या माणसाचं कारण विचारायला सुचलं नव्हतं.

पण हळहळ करून राजीनामा थांबणार नव्हता. मी खिशातून पेन्सिल आणि चिठोरा काढला. हेच काय ते मला येत होतं.

"सोपानराव, तुमचा फंड मिळायला किती दिवस लागतील?"

"मिळंल की म्हैन्याभरात."

"सहा महिने. मी किती जणांचे अर्ज भरून दिलेत. सहा महिने पगार नाही, फंड नाही. मग फंड येईल, त्यातले आठशेच्या वर आमचे जातील. उरलेल्यात उधारी फेडाल. सातव्या महिन्यात काय?"

 मी चिठोऱ्यावर महिने मांडत गेलो. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, पण रिकामे रकाने त्यांना दिसत होते. त्याच आधी म्हणाल्या, "म्हंजी भिताडाचं भोक बुजवायला भिताडच पाडायचं म्हना की!"

यशवंत हसला. मग हौसाबाई हसल्या. सोपान हसला नाही, पण त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मंग करू काय, भाऊसाहेब? चाळीस न्हाई निघत. पाय मोडल्यापास्नं वव्हरटाइम जमत न्हाई. आन ह्याच्या पगारातनं कापलेलं मला बघवत न्हाई." ह्याच्या म्हणजे यशवंतच्या.

"किती निघतील? खरं सांगा. मोठेपणाचा आकडा नको."

त्यानं बोटांवर हिशेब केला. शेवटी म्हणाला, "ईस." वीस. मी म्हटलं, "मग वीसचा हप्ता पाडून घेऊ. पण राजीनामा दोन आठवडे खिशात ठेवा. आणि काय वाट्टेल ते झालं तरी खिडकीशी येत जा. पैसे नसले तरी या." येताना हौसाबाईंनी मला मेथीच्या दोन जुड्या दिल्या. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "घ्या, कार्डावर न्हाई मांडत."

आता अडचण संचालक मंडळाची. चेअरमन होते टूलरूमचे थोरात, पोटनियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा माणूस. स्वतः कामगार, पण सभेत बसले की न्यायाधीश. बैठकीत मी सोपानचा अर्ज ठेवला. त्यांनी पाहिलाही नाही.

"थकबाकी आधी, मग नव्या हप्त्याची भाषा. पोटनियम वाचा भाऊसाहेब."

"वाचला. त्याच्या वरचाही वाचला. नोटीस बंद पाकिटात, रजिस्टरनं द्यायची असते. मी उघडं कार्ड टाकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे सोपान गवारेंना कायद्यानं अजून नोटीसच मिळालेली नाही. नोटीस नाही तर थकबाकीदार म्हणता येत नाही, आणि यशवंत ओव्हाळच्या पगाराला हातही लावता येत नाही."

थोरातांनी चष्मा काढला. "अहो, ही तुमचीच चूक आणि तुम्हीच मला ऐकवताय?"

"म्हणून तर मीच ऐकवतोय. इतिवृत्तात घ्या."

त्यांनी घेतली. इतिवृत्त लिहिणाराही मीच, त्यामुळे माझी चूक मी माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिली. शिक्षा म्हणून माझी त्या वर्षीची पाच रुपयांची पगारवाढ रोखली. ते बरोबरच होतं. मग थोरात अर्जाकडे वळले. वीस रुपये हप्ता मान्य. पण एक जामीन सोडून गेलाय, दुसरा जामीन आणल्याशिवाय नवा कागद होणार नाही.

बैठकीला बोलावलेला यशवंत दारात उभा होता. तो म्हणाला, "मी दोनदा सही करतो."

"तसं चालत नाही," थोरात म्हणाले.  पाय मोडलेल्या, सात हप्ते थकलेल्या माणसाला नवा जामीन कोण राहणार? थोरात पुस्तक चाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या भिशीच्या डब्याचं खरं का? हात लावला नाही म्हणतात."

"मी कोनाडा पाहून आलोय," मी म्हणालो.

थोरातांनी पुस्तक मिटलं. "चेअरमननं जामीन राहू नये असं ह्यात कुठं दिसत नाही. पेन द्या." सही करताना वर मलाच दटावलं, "आणि ह्यापुढं कार्ड दिसता कामा नये."

कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. सरळ फिटलं असतं तर ती गोष्टच झाली नसती. मधे एकदा म्हैस आजारी पडली, एकदा धाकट्या मुलाला कावीळ झाली. पण फरक असा की, पगाराच्या आदल्या दिवशी तो सहा इंची पट्टीचा खिसा खिडकीशी हजर असायचा. "भाऊसाहेब, ह्या म्हैन्याला धाच घ्या. फुडल्या म्हैन्याला तीस कापा." मी तसं पगार खात्याला कळवायचो. हौसाबाईंनी पडक्या विहिरीच्या कडेला आणखी मेथी-कोथिंबीर लावली. सकाळी सोपानच्या सायकलच्या कॅरियरला जुड्या बांधलेल्या असत आणि फाटकावरच संपत. दुसऱ्या वर्षी तो स्वतःहून म्हणाला, "आता तीसच कापत जावा." हप्ता वाढवून मागणारा माझ्या नोकरीतला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

भिशी मात्र परत आली नव्हती. ती गावात दुसऱ्याकडे चालली होती. सोपान त्याबद्दल कधी बोलला नाही. यशवंत सांगायचा, "त्याच्या घरी तो कोनाडा अजून रिकामा आहे. वहिनी तिथं दुसरं काही ठेवू देत नाहीत."

शेवटचा हप्ता कापला गेला त्या दिवशी मी आधीच बेबाकी दाखला तयार करून ठेवला होता. कर्ज पूर्ण फिटलं, काही येणं नाही, असा कागद. जाड कागदावर, गोल शिक्क्यानिशी, आणि पाकिटात घालून. शिकलो होतो ना! दुपारी खिसा आला. मागे चाळणी झालेला खिसाही होता. मी पाकीट खिडकीतून सरकवलं. ते परत आत आलं.

"हे नगं, भाऊसाहेब."

"अहो, दाखला आहे. जपून ठेवा."

"जपतो की. पर आदी कार्ड टाका."

मला कळेना. तेव्हा सोपान गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि खिडकीत त्याचा चेहरा आला. इतक्या वर्षांत त्या खिडकीत वाकून पाहणारा तोच पहिला. "पयल्यासारखंच," तो म्हणाला. "उघडं. त्याच अक्षरात."

थोरातांचा हुकूम होता की कार्ड दिसता कामा नये. मी कँटीनच्या पोऱ्याला न पाठवता स्वतः फाटकाबाहेरच्या दुकानातून कार्ड आणलं, स्वतःच्या पैशांनी. सोपान वाकूनच होता, एकेक अक्षर बघत होता. यशवंत मागून सांगत होता, "मोठं लिहा, भाऊसाहेब. कडेला जागा सोडू नका." मी लिहिलं: "आपण घेतलेले संपूर्ण कर्ज व्याजासह फिटले असून, आपल्याकडे पतपेढीचे काहीही येणे राहिलेले नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी." 'सर्वांनी' हा शब्द नियमात बसत नव्हता. मी तो तरीही घातला आणि खाली सही केली.

चौथ्या दिवशी सोपान स्वतःच सांगायला आला. पोस्टमननं कार्ड नेहमीप्रमाणे गिरणीत ठेवलं. बबननं शिक्का ओळखला. मागचा अनुभव आठवून तो म्हणे घाबरला, आणि कार्ड पिठाच्या पिशवीखाली लपवून हौसाबाईंना हळूच द्यायला लागला. हौसाबाईंनी ते घेतलं नाही. "गिरनी बंद कर," त्या म्हणाल्या, "आन वाच."

त्यानं वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. दळणाला आलेल्या बायका म्हणाल्या, कळलं गं हौसा, कळलं. तरी त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग पदरानं डोळे पुसून दळणाचा डबा पुढे केला.

"आणि भिशी?" मी विचारलं.

सोपाननं मेथीची जुडी खिडकीतून आत ठेवली. "काल सांच्याला चौगं डबा घिऊन आलं. त्यानलाबी बोलाया सुदरंना, मलाबी. हिनं कोनाडा पुसला आन डबा ठिवला." तो थांबला आणि पुन्हा खिडकीत वाकला. आता तो हसत होता. "कुनीतरी आपटलाय वो मधल्या काळात. झाकान लई घट्ट झालंय, भाऊसाहेब. आमाला सवय न्हाई ना उघाडायची."